पॉवर बँक भाड्याने देण्याचा व्यवसाय: पहिली दहा स्टेशनं उभी करताना

एक पॉवर बँक ३० रुपये भाड्याने चारशे वेळा बाहेर गेली, तर तिने १२,००० रुपये आणले. तीच दहाव्या फेरीत हरवली, तर ३०० रुपयांत हिशेब संपला, आणि तिच्यातलं लिथियम, तांबं, कोबाल्ट कुणाच्या तरी खणात पडून राहिलं. दुकानात ठेवलेल्या यंत्रातून, म्हणजे स्टेशनमधून, ग्राहक पैसे भरून पॉवर बँक घेतो आणि त्याच किंवा दुसऱ्या स्टेशनच्या रिकाम्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, परत ठेवतो. या धंद्यात नफा आणि पर्यावरण एकाच वाटेने जातात. प्रत्येक पॉवर बँकेच्या फेऱ्या वाढवायच्या आणि ती भंगारात जाण्याचा दिवस लांबवायचा. खालचे टप्पे याच हेतूने मांडले आहेत. उदाहरणाला पुण्यातला डेक्कन, फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता हा टापू घेतला आहे. तुमच्या गावात आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

१. आधी कागदावर हिशेब

भाड्याच्या पॉवर बँकेत बहुधा ५००० एमएएचचा (एमएएच हे बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) सेल असतो. ही क्षमता ३.७ व्होल्टवर मोजलेली असते, म्हणजे साठा १८.५ वॉट-तासांचा. फोनला वीज जाते ५ व्होल्टने. व्होल्टेज चढवताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. हाती उरतात ३००० ते ३३०० एमएएच. ग्राहकाचा फोनही ५००० एमएएचचा असेल तर तो साधारण ६० ते ७० टक्के भरेल. म्हणून स्टेशनवर ‘फुल चार्ज’ लिहू नका. फसवणुकीची पहिली तक्रार तिथूनच येते.

विजेचा खर्च नवख्यांना उगाच घाबरवतो. रिकामी पॉवर बँक पुन्हा भरायला, तोटा धरून, २५ वॉट-तासांच्या आसपास वीज लागते. युनिटचा चाळिसावा भाग. युनिटला १२ रुपये धरले तर ३० पैसे. वीज खातो तो स्टेशनवरचा जाहिरातीचा पडदा. २५ वॉटचा पडदा दिवसरात्र चालू ठेवला तर ०.६ युनिट जातं. तेवढ्यात चोवीस पॉवर बँका भरल्या असत्या. जाहिरातदार हाताशी नसेल तर पडद्याचं यंत्र घेऊच नका. घेतलंत तर दुकान बंद असताना पडदा आपोआप विझेल अशी सोय करून घ्या.

आता एका स्टेशनचा रोजचा हिशेब मांडा. उदाहरणापुरतं धरू की आठ स्लॉटचं स्टेशन आणि सहा पॉवर बँका मिळून ३०,००० रुपये पडले. रोज ४ भाडी, प्रत्येकी ३० रुपये, म्हणजे १२० रुपये गल्ला. त्यातून दुकानदाराचे २५ टक्के (३० रुपये), पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीचे) अडीच-तीन रुपये, सिम आणि वीज ५ रुपये, स्टेशनांवर फेरी मारून पॉवर बँकांची ने-आण करणाऱ्या मुलाच्या पगाराचा वाटा २० रुपये, हरवणं-बिघडणं यासाठी बाजूला १५ रुपये. उरले सुमारे ४७. यंत्राचे पैसे फिटायला एकवीस महिने लागतील.

हेच गणित २ भाड्यांवर करून पाहा. रोज चारच रुपये उरतात. ६ भाड्यांवर ९१ रुपये उरतात आणि पैसे अकरा महिन्यांत फिटतात. बरेचसे खर्च ठरलेले असल्यामुळे भाड्यांत थोडा फरक पडला तरी निकाल पार बदलतो. तुमच्या कोटेशनचे आकडे घालून हा हिशेब तीन वेळा करा. रोज ३ भाड्यांवर तोटा दिसत असेल तर स्वस्त यंत्र शोधण्याआधी जागा बदलून बघा.

२. यंत्र घेताना विचारायचे प्रश्न

सहा किंवा आठ स्लॉटचं, काउंटरवर मावणारं यंत्र सुरुवातीला पुरतं. चोवीस-अठ्ठेचाळीस स्लॉटचं कपाट मोठं रुग्णालय, मॉल किंवा प्रदर्शन यांच्यासाठी. पुरवठादाराला हे विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या:

- पॉवर बँकेवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? लागू मानकं अशी: पॉवर बँकेसाठी आयएस १३२५२ (भाग १) किंवा तिच्या जागी येणारं आयएस/आयईसी ६२३६८-१, आणि आतल्या लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ (भाग २). क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये घालून तिथेच तपासा. कंपनीचं नाव आणि ब्रँड जुळला पाहिजे.
- स्लॉटचं तापमान वाढलं की चार्जिंग थांबतं का? लिथियम सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये.
- पॉवर बँक भरून स्लॉटमध्ये बसली असताना तिला ८०-९० टक्क्यांवर रोखता येतं का? दिवसचे दिवस १०० टक्क्यांवर आणि गरम जागेत राहिलेला सेल लवकर म्हातारा होतो.
- वीज गेली तर कुलूप उघडतं का? ग्राहक परत करायला आला आणि यंत्र बंद असेल तर काय होतं?
- केबल तुटली तर फक्त केबल बदलता येते का, की अख्खी पॉवर बँक फेकावी लागते?
- सर्व्हर कुणाचा? पुरवठादाराने कंपनी बंद केली तर तुमची स्टेशनं चालतील का?

शेवटचे दोन प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि धंदा तिथेच अडतो. भाड्याच्या पॉवर बँकेत सगळ्यात आधी केबल मरते, मुळाशी वाकून वाकून. बॅटरी धडधाकट, पण टाइप-सीची पिन सैल, म्हणून पॉवर बँक बाद. दोन-चार स्क्रू काढून केबल बदलता येणारं मॉडेल शंभर-दोनशे रुपयांनी महाग असलं तरी तेच घ्या. सोबत १५-२० टक्के जादा केबल मागवा. आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, आयफोनलाही टाइप-सी आलं आहे. त्यामुळे झिजते ती मुख्यतः हीच पिन. जुन्या आयफोनची लायटनिंग पिन अजून काही वर्षं ठेवावी लागेल. जुनी मायक्रो यूएसबी मात्र तुमच्या भागातले फोन बघून ठरवा.

केबलमधून फक्त वीज जाते, डेटा जात नाही, याचीही खात्री करा आणि ते स्टेशनवर लिहा. अनोळखी केबल फोनला लावायला लोक कचरतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

चीनमधून थेट माल मागवण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. स्वतः आयात केलीत की आयात परवाना, बीआयएस, सिम-वायफाय असलेल्या यंत्राची बिनतारी उपकरणांची मंजुरी आणि बॅटरी कचरा नियमांखाली उत्पादक म्हणून नोंदणी, हे सगळं तुमच्या डोक्यावर येतं. बीआयएसची नोंदणी कारखाना आणि ब्रँड यांच्याशी बांधलेली असते, त्यामुळे मूळ लेबल झाकून स्वतःच्या नावाचं स्टिकर लावणंही महागात पडू शकतं. तुमचं नाव बाजूला लावा, लेबल उघडं ठेवा.

स्वस्त सेलचा धोका कल्पनेतला नाही. जून २०२५ मध्ये रोमॉस आणि अँकर या नावाजलेल्या कंपन्यांनी लाखो पॉवर बँका परत मागवल्या, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेपासून चीनने आपल्या देशांतर्गत विमानांत ‘३सी’ ही तिथली सक्तीची सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेल्या पॉवर बँकांवर बंदी घातली. एवढ्या मोठ्या कारखान्यांना जिथे सेलची खात्री देता आली नाही, तिथे बिनक्रमांकाचा माल दुकानदाराच्या काउंटरवर रात्रभर चार्जिंगला ठेवणं म्हणजे त्याच्या दुकानाशी खेळ आहे.

३. दहा जागा, पण एकाच टापूत

ओळखीतून जागा मिळतात म्हणून एक स्टेशन कोथरूडला, एक हडपसरला, एक पिंपरीत असं सुरू करू नका. तसं केलं की ग्राहकाला पॉवर बँक घेतली तिथेच परत यावं लागतं. फर्ग्युसन रस्त्यावर घेतलेली डेक्कनच्या मेट्रो स्टेशनाजवळ किंवा बालगंधर्वच्या आसपास देता आली, तरच तो घेईल. दोन स्टेशनांत पाच ते दहा मिनिटांच्या पायी अंतरापेक्षा जास्त फरक नको.

जागा निवडताना गर्दीपेक्षा थांबलेली माणसं मोजा. वडापावच्या गाडीवर गर्दी प्रचंड, पण माणूस पाच मिनिटांत निघतो. चालणाऱ्या जागा अशा: रुग्णालयाचं प्रतीक्षालय आणि त्याजवळचं औषधांचं दुकान, अभ्यासिका, दीड-दोन तास बसायचं कॅफे, नाट्यगृह, मंगल कार्यालय, लॉज, बस सुटायची वाट बघायची जागा. रुग्णालयाबाहेर नातेवाईक रात्र काढतात, चार्जर घरी राहिलेला असतो आणि फोन बंद पडून चालत नाही. ही गरज खरी आहे. तिथे दर कमीच ठेवा.

एसटी स्थानक आणि रेल्वेच्या हद्दीत परवानगी बहुधा निविदेतून मिळते. स्थानकातल्या एखाद्या स्टॉलवाल्याने ‘ठेवा की माझ्याकडे’ म्हटलं तरी त्याच्या परवान्यात ते बसतं का, हे आधी तपासा. सुरुवातीला स्थानकासमोरची खासगी दुकानं बरी.

दहापैकी एक तरी जागा रात्रभर उघडी हवी. कॅफे अकराला बंद होतो, ग्राहक साडेअकराला पॉवर बँक घेऊन येतो, शटर खाली आणि भाडं मात्र चालू. असा ग्राहक पुन्हा येत नाही. स्टेशन बंद असण्याच्या वेळेचं भाडं धरू नये, अशी सोय सॉफ्टवेअरमध्येच करून घ्या.

स्टेशन प्रत्यक्ष ठेवताना उन्हाची काच, फ्रिजचा माथा, भट्टी-तव्याजवळची जागा टाळा. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात वातानुकूलित नसलेल्या दुकानात यंत्राच्या आत ४५ अंश सहज ओलांडले जातात. चार्जिंग थांबतं आणि संध्याकाळच्या गर्दीला सगळ्या पॉवर बँका अर्ध्याच भरलेल्या असतात.

४. स्लॉट रिकामे ठेवा

आठ स्लॉट आहेत म्हणून आठ पॉवर बँका भरल्या, की परत करायला आलेल्या माणसाला जागा नाही. तो रागावतो आणि डिपॉझिट परत मागतो, नाहीतर पॉवर बँक काउंटरवर ठेवून निघून जातो. चीनमध्ये हा व्यवसाय सगळ्यात मोठा झाला, तिथेही ‘स्लॉट भरलेले, मीटर चालू’ ही तक्रार कायम राहिली.

एकूण स्लॉटच्या ६० ते ७० टक्के पॉवर बँका ठेवा. १० स्टेशनं, ८० स्लॉट, तर ५० ते ५५ पॉवर बँका. प्रत्येक स्टेशनवर सकाळी पाच-सहा भरलेल्या, दोन-तीन जागा मोकळ्या. कमी पॉवर बँकांत तेवढीच भाडी होतात, म्हणजे भांडवलही कमी आणि पुढचा कचराही कमी.

पॉवर बँका एका दिशेला वाहतात. संध्याकाळी कॉलेजच्या बाजूने निघून बस-मेट्रोच्या बाजूला साचतात. रोज दोन फेऱ्या ठेवा, दुपारी चारला आणि रात्री दुकानं बंद व्हायच्या आत. टापू छोटा असेल तर हे काम सायकलवर होतं. ने-आण करताना कप्पे असलेली पेटी वापरा; किल्ल्या, स्क्रू ड्रायव्हर यांच्याबरोबर पिशवीत सुट्या टाकू नका.

५. भाडं, डिपॉझिट, परतावा

धंद्याचं नाव टिकतं किंवा जातं ते इथेच. दर साधा ठेवा: पहिल्या तासाला इतके, पुढच्या प्रत्येक तासाला इतके, दिवसाला जास्तीत जास्त इतके, आणि इतक्या दिवसांत परत न आल्यास इतके. चारही आकडे मराठीत, मोठ्या अक्षरात, क्यूआर कोडच्या वर.

डिपॉझिट पॉवर बँकेच्या बाजारभावापेक्षा कमी ठेवलं की लोक ती ‘विकत’ घेतात. फार जास्त ठेवलं की भाड्याने घेतच नाहीत. तुमच्या खरेदी किमतीच्या थोडं वर, हा मध्य बरा. डिपॉझिट आधी घेऊन नंतर परत करण्यापेक्षा यूपीआयचं एकवेळचं मँडेट चांगलं: रक्कम ग्राहकाच्याच खात्यात अडकून राहते, तुम्ही फक्त भाडं कापता, बाकीची मोकळी होते. गेटवे ही सोय देतो का, ते करार करण्याआधी विचारा. रक्कम घेऊन परत करण्याच्या पद्धतीत गेटवेची फी बहुधा वाया जाते आणि ‘पैसे आले नाहीत’ असे फोन येत राहतात.

घेतलेलं डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा. ते लोकांचे पैसे आहेत. त्यातून अकरावं स्टेशन घेतलं आणि एका रविवारी दोनशे जणांनी परतावा मागितला, तर द्यायला काही उरत नाही.

अॅप उतरवायला लावू नका. ज्याच्या फोनमध्ये ३ टक्के बॅटरी आहे त्याला ४० एमबीचं अॅप कसं जमेल? क्यूआर स्कॅन, मोबाइल क्रमांक, ओटीपी, पैसे, एवढंच. आधार क्रमांक, फोटो, संपर्कयादी मागू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा गरजेपुरतीच माहिती घ्यायला सांगतो. आणि फोन पूर्ण बंद पडलेल्या माणसासाठी दुकानदाराच्या हातून पॉवर बँक देण्याची सोय ठेवा, रोख डिपॉझिट आणि वहीत नोंद. सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते.

६. कागदपत्रं

एकट्याने सुरू करत असाल तर यादी लहान आहे:

- पॅन, आधार, चालू खातं
- उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. पैसे मागणारी हुबेहूब संकेतस्थळं टाळा
- दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना किंवा नोंदणी, कामगारांच्या संख्येनुसार
- जीएसटी: सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की बंधनकारक, भाड्यावर १८ टक्के. उलाढाल एका पॅनवरच्या सगळ्या धंद्यांची मिळून मोजतात. परत करायचं डिपॉझिट त्यात येत नाही, पण भाड्यात वळतं केलेलं येतं
- यंत्र व पॉवर बँकांची बिलं, बीआयएस क्रमांकांची यादी
- प्रत्येक दुकानदाराशी करार
- आगीचा आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा. लिथियम बॅटरी चार्ज होतात हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर दावा अडतो

दुकानदाराच्या करारात टक्केवारी, ती कोणत्या तारखेला मिळणार, वीज कुणाची, यंत्र हलवायचं झाल्यास कुणाला कळवायचं, चोरी झाल्यास जबाबदारी आणि करार संपवायची मुदत, एवढं नेमकं हवं. स्विचच्या वर ‘बंद करू नये’ अशी पट्टी लावा. रात्री दिवे घालवताना स्टेशनचं बटणही बंद होणं ही रोजची गोष्ट आहे. शक्य असेल तर स्वतंत्र प्लग घ्या.

७. निगा

दर आठवड्याला प्रत्येक पॉवर बँक हातात घेऊन बघा: कवच फुगलंय का, केबलचा मूळ भाग फाटलाय का, मागच्या पितळी टोकांवर हिरवट थर आहे का. टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हा थर लवकर चढतो. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाळूही स्लॉटमध्ये जाते, तिथे हे काम दोन दिवसांआड करा. पावसाळ्यात ओली पॉवर बँक परत आली तर ती बाजूला काढून एक दिवस सुकवा आणि मगच स्लॉटमध्ये घाला.

फुगलेली पॉवर बँक स्लॉटमध्ये अडकते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. सेलला भोक पडलं तर पेट घेतो. मेन बंद करा, मागचं झाकण किल्लीने उघडा, सावकाश काढा आणि कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात, दुकानाबाहेर ठेवा. असा एक डबा तुमच्या गोदामात कायम हवा. पेटलीच तर माणसं बाहेर काढा, वीज तोडा, १०१ ला फोन करा. लिथियमचा धूर विषारी असतो, छोट्या खोलीत विझवत बसू नये.

गणपतीत पुण्याच्या मध्यभागी किंवा आषाढीला पंढरपुरात मागणी उसळते, पण मोबाइलचं जाळं कोलमडतं. पैसे कापले जातात, कुलूप उघडण्याचा आदेश यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. अशा दिवशी यंत्राला दुकानाच्या तारेच्या इंटरनेटवरून वायफाय द्या, दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवा, आणि सरळ टेबल मांडून माणसाच्या हाताने, पावतीवर भाड्याने द्या. यंत्रापेक्षा टेबल त्या गर्दीत जास्त चालतं.

८. म्हाताऱ्या पॉवर बँकेचं काय करायचं

साधारण ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे एकदा पूर्ण भरून रिकामं होणं) सेलची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. सहा पॉवर बँकांवर रोज चार भाडी, म्हणजे एकीच्या वर्षाला सुमारे २४०. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकीच्या फेऱ्या दिसतात. ज्यांच्या फेऱ्या फार झाल्या त्यांना कमी गर्दीच्या स्टेशनवर हलवा. क्षमता ६० टक्क्यांच्या खाली आली की भाड्यातून काढा, कारण ग्राहक पूर्ण पैसे देऊन अर्धं चार्जिंग घेतो.

काढलेल्या पॉवर बँका भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. तो त्या फोडतो आणि त्याच्या गोदामाला आग लागू शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यात मिसळता येत नाहीत. त्या परत घेऊन पुनर्वापराची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून खरेदीच्या वेळीच पुरवठादाराकडून ‘जुन्या परत घेऊ’ हे लिहून घ्या. नाहीतर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्वापरकर्त्याकडे द्या. टोकांना चिकटपट्टी लावा, फुगलेल्या वेगळ्या ठेवा, पावती जपून ठेवा.

ही पावती जाहिरातीतही उपयोगी पडते. पर्यावरणाच्या दाव्यांबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आहेत. पुराव्याशिवाय ‘इको-फ्रेंडली’ लिहिता येत नाही. त्यापेक्षा स्टेशनवर मोजलेलं लिहा: या टापूत पॉवर बँका किती, त्यांच्या फेऱ्या किती झाल्या, बदललेल्या केबल किती, पुनर्वापराला दिलेल्या किती. दर तिमाहीला आकडे बदला.